शंभर यार्डांचा भुलावा

काळ्या दारूची नवी रायफल हाती आली की बहुतेक नेमबाज तिला आधी 100 यार्डांवर नेतात, पाच बार काढतात आणि कागदावरची भोकं किती जवळ पडली यावरून तिच्याविषयी मत बनवून टाकतात. लांब पल्ल्याच्या रायफलीसाठी ही रीत मला जवळजवळ निरुपयोगी वाटते. मी म्हणतो आहे त्या रायफली म्हणजे अमेरिकेतल्या 1870 च्या दशकातल्या शार्प्स आणि रेमिंग्टन, आणि मोंटानातल्या बिग टिंबर गावी किंवा इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोंपियात आज बनणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती. एका वेळी एकच काडतूस, जेमतेम अर्ध्या इंचाची जाडजूड शिशाची गोळी आणि पल्ला 1000 यार्डांपर्यंत. अशी रायफल जोखायची तर तिच्या गोळ्या दूरवर वरखाली किती पसरतात ते पाहावं लागतं, आणि ही उभी पसर रायफलीपेक्षा दारूवर आणि नळी राखणाऱ्या हातावर जास्त अवलंबून असते.

सुरुवात दारूपासूनच करू. 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा, 10 भाग गंधक हे प्रमाण सर्वपरिचित आहे. (त्या काळी जगाच्या बाजारातला चांगला सोरा बराचसा बिहारमधून जाई. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं असताना 1861 मध्ये अमेरिकी दारू-कारखानदार लॅमोट ड्यू पाँने लंडनला जाऊन जो साठा खरेदी केला, तोही हिंदुस्थानी सोऱ्याचाच होता.) ही दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूपात उरतो. काही धुरातून बाहेर जातो, उरलेला नळीच्या आट्यांत कीट होऊन बसतो. हवा दमट असेल तर हे कीट मऊ राहतं. कोरड्या, तापलेल्या हवेत ते खरपुडीसारखं कडक होतं आणि पुढच्या गोळीची वाट अडवतं. म्हणून दोन बारांच्या मध्ये नेमबाज एकतर ओल्या चिंधीने नळी पुसतो, नाहीतर काडतुसाच्या रिकाम्या पुंगळीत बसवलेली फुंकनळी मागून घालून सावकाश श्वास सोडतो. त्या वाफेने कीट नरम पडतं. गोळीच्या खाचांत भरलेलं वंगण शेवटपर्यंत पुरलं की नाही, हे नळीच्या तोंडाशी पाहावं. तिथे चांदणीसारखं ओलसर कडं उमटलं असेल तर पुरलं. तोंड कोरडं असेल, तर शेवटच्या काही इंचांत गोळी सुक्या कीटावरून घासत गेली आहे आणि त्या बाराचा भरवसा धरू नये.

हे सगळं 100 यार्डांवर का दिसत नाही, त्याचं उत्तर हिशेबात आहे. 500 ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे 1300 फूट वेगाने सुटते. एका बाराचा वेग दुसऱ्यापेक्षा 10 फुटांनी कमी पडला, तर 100 यार्डांवर गोळी पाव इंचसुद्धा खाली येत नाही. पण 1000 यार्ड गाठायला तिला तीन सेकंदांच्या आसपास लागतात, आणि तिथे तोच फरक फूटभर होतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही गोळी ध्वनीपेक्षा किंचित अधिक वेगाने निघते आणि पहिल्या काही शे यार्डांतच त्या वेगाखाली येते. हा उंबरठा ओलांडताना तिच्यावरची हवेची ओढ झपाट्याने बदलते आणि तोल जरा बिघडलेली गोळी इथेच डगमगू लागते. 100 यार्डांवरचा कागद हे घडायच्या आधीचा असतो. त्याला पुढचं विचारून उपयोग नाही.

यावर कुणी म्हणेल, वेग मोजायची यंत्रं आता स्वस्तात मिळतात, मग इतक्या दूर जायचं कशाला? यंत्र जरूर वापरावं. पण ते नळीबाहेर पडतानाचा वेग सांगतं, उंबरठ्यावर गोळीचं काय झालं ते सांगत नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: शेवटी उत्तम नळी ती उत्तमच, साधन बरं नसेल तर मेहनत काय करणार? त्यासाठी 26 सप्टेंबर 1874 चा न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरचा सामना पाहावा. 800, 900 आणि 1000 यार्डांवर दोन्हीकडचे सहा-सहा नेमबाज. आयरिश संघाकडे रिग्बीच्या ठासणीच्या रायफली, अमेरिकनांकडे मागून काडतूस घालायच्या शार्प्स आणि रेमिंग्टन. एकूण 1080 पैकी अमेरिकनांचे 934, आयरिशांचे 931. त्यातही मिल्नर या आयरिश नेमबाजाचा एक बार शेजारच्या निशाणाच्या मधोमध लागला आणि शून्य धरला गेला. आपल्या निशाणावर लागता तर चार गुण मिळून निकाल उलटला असता. नव्या यंत्रणेचा विजय म्हणून हा सामना सांगितला जातो. मला त्यात उलट दिसतं: दोन अगदी वेगळ्या जातीच्या रायफली, आणि फरक एका चुकलेल्या बाराहूनही कमी. सारखं तोलून भरलेली दारू, बारागणिक राखलेली नळी आणि कसलेले डोळे दोन्हीकडे होते. वाईट नळीने काही साधत नाही, हे मान्यच आहे. पण तसा ढोबळ दोष ओळखण्यापुरतेच 100 यार्ड कामाचे.

राहिला वारा. लांब पल्ल्यावर सामने वाराच जिंकवतो आणि हरवतो, मग उभ्या पसरीचं एवढं कौतुक कशाला, असं जाणकारही विचारतात. माझं म्हणणं असं की वारा गोळीला मुख्यतः आडवा ढकलतो, वेगातला फरक तिला वरखाली करतो. समोरून किंवा पाठीमागून येणारा वारा या वाटणीत थोडी गडबड करतो, पण ती मोडत नाही. म्हणून नव्या रायफलीच्या कागदावर आडवी पसर सुरुवातीला सरळ सोडून द्यावी. उभी पसर मोजावी, शेजारी त्या दिवशीची हवेतली आर्द्रता आणि नळी कशी राखली ते लिहावं, आणि पुढच्या खेपेला दारू, गोळी, वंगण आणि पुसण्याची रीत यांतलं एकच काहीतरी बदलावं. दारूचं वजन बदलायची घाई सगळ्यांना असते. मी ते शेवटी ठेवीन, कारण कीट आटोक्यात येईपर्यंत वजनातल्या फरकाचा परिणाम कागदावर ओळखूच येत नाही.