आमटीतली पुडी

चि. मंदा,


काल फोनवर किती सहज विचारलंस, "मावशी, त्या पुडीला वास येतो का गं?" शेजारी अप्पा बसले होते म्हणून मी गप्प राहिले. स्टँडच्या भिंतीवरचं 'नकळत दारू सोडवा' वाचून नवऱ्याला द्यायच्या पुडीसाठी तू पैसे पाठवतेस? बी.एस्सी. झालेली तू!

पुडीवर काही लिहिलेलं नाही म्हणतेस. मग आत काय आहे हे कोणाला ठाऊक? डायसल्फिराम असेल तर ते औषध खोटं नाही. मुळात ते रबराच्या कारखान्यातलं रसायन. डेन्मार्कच्या दोघा संशोधकांनी ते जंतांसाठी स्वतः घेऊन पाहिलं, वर थोडी दारू पोटात गेली आणि दोघांची गाळण उडाली! १९४८ साली त्यांनी ते जाहीर केलं. दारूचं पोटात गेल्यावर आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं, मग ते विरतं. हे औषध ते विरूच देत नाही. तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब एकदम खाली. हृदय कमजोर असेल तर जीवही जातो. औषध थांबवलं तरी दोन आठवडे धोका राहतो. ज्याला माहीत आहे तो या भीतीने पेल्याला हात लावत नाही. ज्याला माहीत नाही तो 'पित्त झालं' म्हणून आणखी एक पेग मारतो. मग ही पुडी वचक बसवणार कोणावर?

कोंडून ठेवायचाही विचार करू नकोस. नाना आठवतात ना? गणपतीत कोंडलं होतं. तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या मुंग्या वेचून वाटीत टाकत होते. भिंतीवर मुंगी नव्हती, वाटी रिकामी होती. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की असा भ्रम होतो, फिट येते. ते दवाखान्यात, डॉक्टरांच्या नजरेखालीच व्हायला हवं.

पण मंदा, तुझं सगळंच चोरून चाललंय. त्याच्या ऑफिसात 'ताप आलाय' असा फोन तू करायचा, बारची उधारी तू फेडायची, सासूबाईंना 'मीटिंग होती' सांगायचं. त्याला कसली झळच लागू देत नाहीस, मग तो का सोडेल? पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथे घरच्यांशीही बोलतात. अल्-अनॉनच्या सभा तर पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात, फुकट. तो येवो न येवो, तू जा.

हे पत्र हातोहात पाठवतेय, तुमच्याकडे फोनवर मोकळं बोलता येत नाही. 'नुसतं विचारतेय' म्हणालीस, पण परवा जेवल्यावर त्याला घाम फुटून उलट्या झाल्या, हेही तूच सांगितलंस. घातलीस का पुडी? घातली असशील तर उरलेली घेऊन आजच्या आज डॉक्टरांकडे जा आणि खरं सांग. त्यालाही सांग. ओरडेल, ओरडू दे. माझ्या फोनची वाट बघू नकोस.

तुझी,
मावशी