मेजाच्या खणातील शिधापत्रिका

सिरोंचा हे तीन नद्यांच्या सोबतीने वसलेले गाव आहे. प्राणहिता येथे गोदावरीला मिळते, आणि काही कोस पुढे इंद्रावतीही तिच्यात येऊन विसावते. पैलतीरी एकीकडे तेलंगण, दुसरीकडे छत्तीसगड. बाजारात तेलुगू अधिक ऐकू येते, तालुक्याच्या खेड्यांत माडिया आणि गोंडी, कचेरीत मराठी. अशा गावात 'परका' कोण, हे ठरविणे अवघड. मारवाडातून आलेली व्यापारी कुटुंबेही कधीकाळी येथे नवखीच होती.

येथील एका किराणा दुकानाचे वयोवृद्ध मालक नित्य सामायिक करणारे श्रावक. वहीत एका दाण्याचीही चूक नाही, अशी त्यांची ख्याती. एका दुपारी शाळेतल्या बाई एक कागद घेऊन दुकानात आल्या. बस्तरकडून दोन वर्षांपूर्वी आलेले एक गोंड कुटुंब दुकानामागच्या चाळीत राहत होते. मुलगी नऊ वर्षांची, शाळेबाहेर. वडील गोदामात हमाली करीत.

"शेठजी, हे लोक पंधरा वर्षांपासून आपल्या चाळीत राहतात, एवढे लिहून सही करा. अधिवासाचा दाखला निघेल, मग जातीचा निघेल, मुलीचे सारे मार्गी लागेल."

शेठजींनी चष्मा काढून ठेवला. "बाई, दोनाचे पंधरा करणे म्हणजे कूटलेख. सत्यव्रताच्या अतिचारांत त्याचे नाव आहे. ते माझ्या हातून होणार नाही."

बाई रागावल्या. नियम नेहमी गरिबालाच का आड येतात, असे काहीसे त्या बोलल्या. त्यांचा राग समजण्यासारखा होता; त्यांच्या सहीने एक आयुष्य उभे राहील असे त्यांना खरेच वाटत होते. पण तसे झाले नसते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी महाराष्ट्रात ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे वास्तव्य पाहिले जाते. दुसऱ्या राज्यातून आलेल्यास मूळ राज्यातील जमातीची सवलत येथे मागता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात १९९० साली स्पष्ट केले आहे. गोंड जमात दोन्ही राज्यांच्या याद्यांत असली तरी नियम हाच. हा नियम कठोर आहे, नदीच्या दोन काठांवरच्या एकाच जमातीला तर तो विचित्रही वाटतो. पण खोट्या सहीने तो वाकत नाही, उलट पुढे दाखला रद्द होऊन मुलीचेच नुकसान होते.

त्या आठवड्यात बाईंनी तालुक्याच्या विधी सेवा समितीतील एका विधी स्वयंसेवकास गाठले. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. १५१०० हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठीच आहे. स्वयंसेवकाने शांतपणे सांगितले, की शाळेसाठी अधिवास लागतच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जन्मनोंद नसेल तर पालकाचे घोषणापत्र चालते, आणि मुलीला तिच्या वयानुरूप वर्गात बसवायचे असते. धान्यासाठीही छत्तीसगडचीच शिधापत्रिका पुरे. 'एक देश, एक शिधापत्रिका' योजनेत कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक आणि बोटाचा ठसा दिला की सिरोंच्यातल्या रास्त भाव दुकानातही तांदूळ मिळतो.

"त्यांचे कार्ड कुठे आहे?" स्वयंसेवकाने विचारले.

बाईंनी उत्तर दिले नाही. त्या सरळ दुकानात गेल्या.

"शेठजी, कूटलेख नाही म्हणालात, बरोबर केलेत. पण आपल्या मेजाच्या खणात त्या माणसाची शिधापत्रिका उधारीपोटी ठेवली आहे. तिला काय म्हणायचे?"

ही चाल जुनी आहे आणि पुष्कळ पेठांत आहे. गरजूने तेल-डाळ उधार न्यावी, कार्ड ठेवून जावे, पैसे फिटले की परत न्यावे. देणाऱ्याला ती व्यवहाराची शिस्त वाटते. घेणारा मात्र धान्य मागायला रास्त भाव दुकानात जातच नाही. कार्ड हाती नाही तर आपल्याला हक्कही नाही, असे तो समजतो, आणि पुन्हा त्याच किराणा दुकानात उधारीला उभा राहतो. नंबरावर धान्य मिळते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. खणात कागद असतो. ओलीस पडते ती माणसाची भीती. अभयदानाची चर्चा पर्युषणात आपण ऐकतो, पण तिचा संबंध मेजाच्या खणाशी सहसा लावीत नाही.

शेठजी बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी खण उघडला. आत एक नव्हे, सात कार्डे होती.

संध्याकाळी त्यांनी मुलीच्या वडिलांना बोलावून कार्ड हातात दिले. उधारीचे अकराशे चाळीस रुपये वहीत तसेच राहिले, तारणाच्या रकान्यावर मात्र रेघ ओढली गेली. घोषणापत्र त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिले. मुलगी केव्हा जन्मली, असे विचारता वडील म्हणाले, "भातकापणीत. थोरल्यानंतर दोन कापण्यांनी." शेठजींनी बोटांवर वर्षे मोजली, दोनदा पडताळली आणि जे निघाले तेवढेच लिहिले. खाली वडिलांनी अंगठा उमटवला.

उरलेल्या सहा कार्डांचे मालक शोधायला मुनीम दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल घेऊन निघाला. त्यांतले दोघे मिरची तोडायला तेलंगणात गेले होते.