सुटलेला दोर

आमच्या देवळाच्या अग्रशाळेत पावसाळ्यातल्या रविवारी मी मुलांना पुस्तके वाचून दाखवितो. यंदा ज्यूल व्हर्न यांची १८८८ सालची ‘दोन वर्षांची सुटी’ ही कादंबरी घेतली. १८६० च्या मार्चमधील वादळी रात्र, प्रशांत महासागर, खलाशी नसलेले गलबत आणि त्यावर ८ ते १४ वर्षांची १५ मुले. बाहेर कौलांवर पाऊस कोसळत होता. वर्णनाचे माझे निम्मे श्रम वाचले.

वादळ हेच गोष्टीतले संकट, असे मुलांना वाटले. २०२१ मधील तौक्ते त्यांच्या आठवणीत होतेच. परंतु पुढे उलगडा होतो. ऑकलंडच्या बंदरातून गलबत आपोआप सुटलेले नसते. ब्रियांच्या धाकट्या भावाने, जाकने, गंमत म्हणून दोर सोडलेला असतो. ते मनात ठेवून तो बेटावरची धोक्याची कामे पुढे होऊन अंगावर घेतो. अखेर टेहळणीसाठी प्रचंड पतंगाला लटकून आकाशात कोणी जायचे, हा प्रश्न येतो, तेव्हा तो सर्वांदेखत अपराध कबूल करतो.

“साक्षीदार नाही, पुरावा नाही. न्यायालयात जाक सहज सुटला असता,” मी वकिली ऐटीत म्हणालो.

एका लहान मुलीने विचारले, “काका, तुम्ही असता तर सांगितलं असतं?”

मी घड्याळाकडे पाहिले आणि पाठ आटोपता घेतला.

मी दहा वर्षांचा असताना शेजाऱ्यांची होडी अशीच गंमतीने सोडली होती. ओहोटीबरोबर ती वाहत गेली आणि खडकावर फुटली. ठपका आला राखणीच्या पोरावर. त्याचे काम गेले. मी देवापुढे नारळ ठेवून क्षमा मागितली आणि माणसांपुढे तोंड मिटून घेतले. नारळाने हिशेब फिटला, असे पस्तीस वर्षे मानीत आलो. शेजारी आता हयात नाहीत.

पुढच्या रविवारी पुस्तक उघडण्यापूर्वी मी हे मुलांना सांगितले. कोणी हसले नाही. ती मुलगी एवढेच म्हणाली, “मग त्या राखणदाराला शोधलंत का?”

जाकजवळ निदान ज्यांचा अपराध केला ती माणसे समोर होती. माझा राखणदार कोणत्या गावी आहे, हेही मी कधी विचारले नव्हते. आता विचारू लागलो आहे.