आधी वास, मग नाव

धान कापून घरी आलं की बाकीच्यांचं बांधीतलं काम संपतं. माझं तिथून सुरू होतं. बालाघाट जिल्ह्याच्या बिरसा भागातल्या खोलगट बांध्यांतलं पाणी ओसरतं, चिखल आवळत येतो आणि धानाच्या खुंटांमधून गोरखमुंडी डोकं वर काढते. वीतभर उंचीचं पसरट झुडूप. काडीच्या दोन्ही बाजूंनी पानांची दातेरी झालर आणि टोकाला जांभळट गुलाबी बोंड. उग्र वासामुळे गुरं तिला तोंड लावत नाहीत, म्हणून चरून साफ झालेल्या बांधीतही ती तेवढी उभी असते.

लग्न होऊन मी आमगावकडून इथे आले, तेव्हा माझ्या लेखी ती तण होती. मामाजी, म्हणजे माझे सासरे, वैदकी करत. त्यांनी एक बोंड माझ्या तळहातावर चुरडलं आणि म्हणाले, "आधी वास घे, सूनबाई. नाव मग सांगतो." त्या दिवशी दोनदा हात धुऊनही भाकरीला तोच गोडसर, कडवट दर्प येत राहिला.

मुंडलेल्या डोक्यासारखं दिसतं म्हणून मुंडी. लिनियसने १७५३ साली तिला दिलेल्या 'स्फिरँथस' या नावाचा अर्थही गोल फूलच. खरं तर ते एक फूल नव्हे; शेकडो बारीक फुलं एका गोळ्यात दाटलेली असतात. दोन्ही नावांत तिची गोलाई आली, वास मात्र राहून गेला. आमच्या कामात तर सगळी परीक्षा वासावर.

बालाघाट जिल्हा १८६७ साली मंडला, शिवनी आणि भंडाऱ्याचे भाग जोडून झाला. म्हणून आमच्या घरात मराठी, बाजारात हिंदी आणि जंगलाकडून टोपल्या घेऊन येणाऱ्या बैगा बायांची बोली आणखी वेगळी. मुंडीचंही तसंच. मामाजी भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातली मुंडी आणि महामुंडी समजावून सांगत. युनानी हकिमांकडे तिचा अर्क खाजेवर आणि रक्तशुद्धीसाठी देतात. माझी आई मात्र सुकी बोंडं मुगाच्या डब्यात टाकायची, कीड लागू नये म्हणून.

पहिल्या वर्षी मी घाई केली. दव असतानाच बोंडं खुडली आणि ओलसर पोत्यात भरून ठेवली. आठवड्याने पोतं उघडलं तर पांढरी बुरशी. मामाजी रागावले नाहीत. सगळं उकिरड्यावर नेऊन टाकायला लावलं. तेव्हापासून दव उडाल्यावरच जाते. रंग भरलेलं, पण तपकिरी न पडलेलं बोंड घेते. उन्हात वाळवत नाही, कारण उन्हाने तेल उडतं आणि तेलाबरोबर वास. पडवीत चादरीवर पातळ पसरते, रोज हात फिरवते.

अर्कासाठी सुकी बोंडं रात्रभर भिजवायची आणि सकाळी भपक्यावर, म्हणजे अर्क गाळायच्या भांड्यावर चढवायची. या भागात मोहाची दारू गाळणाऱ्यांना ही विद्या नवी नाही: मंद आग, थंड पाणी आणि धीर. आच वाढली की करपट वास उतरतो. तो अर्क मी कोणाला देत नाही.

चैत्रात मुंडीची बोंडं गिळली की वर्षभर डोळे येत नाहीत, असं जुनी माणसं सांगतात. ही समजूत मी जपून ठेवली आहे, पण तिच्या भरवशावर कोणाचा डोळा सोडणार नाही. लाल डोळा घेऊन आलेल्याला मी बालाघाटला डॉक्टरकडे पाठवते. आपलं औषध कुठे संपतं, हेही मामाजींनीच शिकवलं.

आता बांधीत तणनाशक पडतं. शेतकऱ्याला दोष देत नाही. निंदणीला माणसं मिळत नाहीत. पण फवारलेल्या बांधीतलं मी काही उचलत नाही. म्हणून दरवर्षी रोवणीच्या आधीच आमच्या बोडीखालच्या, म्हणजे छोट्या तळ्याखालच्या, दोन बांध्या सांगून ठेवते, तिथे फवारा नको. खुडतानाही बोडीकडची ओळ सोडते. ती बोंडं झाडावरच तपकिरी होतात, फुटतात आणि चिखलात मिसळतात.

गेल्या हिवाळ्यात नात सोबत आली होती. एक बोंड तिच्या तळहातावर चुरडलं. तिने नाक मुरडलं, मग पुन्हा हात नाकाशी नेला. नाव मी अजून सांगितलेलं नाही.