आमच्या घरातील मतदानाची टक्केवारी

पुण्याच्या पेठेत वाढलेल्या माणसाला दोन गोष्टी उपजत येतात. एक, दुसऱ्याच्या शुद्धलेखनातल्या चुका काढणं. आणि दुसरी, मतदानाच्या आधीच निवडणुकीचा निकाल सांगणं.

मी शनिवार पेठेतल्या वाड्यात वाढलो. त्यामुळं कसब्याचा मतदारसंघ मला पाढ्यासारखा पाठ. या बोळात कोण राहतं, तालमीची पोरं कुणाची, बोहरी आळीतले व्यापारी कुठं वळणार, लोहियानगर काय करणार – कागद-पेन्सिल द्या, पाच मिनिटांत बेरीज हजर! या विद्येला मी 'पेठशास्त्र' म्हणतो. १९९५ पासून २०१४ पर्यंत लागोपाठ पाच वेळा गिरीश बापट आले, २०१९ साली मुक्ता टिळक आल्या. सहाही वेळा माझं भाकीत बरोबर! उद्या सूर्य पूर्वेलाच उगवणार, असं सांगणाऱ्या ज्योतिषालाही असंच यश मिळत असावं.

मुक्ताताईंच्या निधनानंतर पोटनिवडणूक लागली. २६ फेब्रुवारी २०२३. रविवार होता.

"अहो, निघायचं ना मतदानाला?" सकाळी हिनं विचारलं.

वाडा पडल्यापासून आम्ही कोथरूडला राहतो. पण नावं पेठेच्याच यादीत. वडिलोपार्जित इस्टेटीपैकी तेवढीच काय ती उरली होती.

"कशाला?" मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो. "गल्ली आपलीच आहे. निकाल ठरलेला आहे."

ही एकटी बसनं गेली. मी पेपर वाचला, जेवलो आणि झोपलो.

२ मार्चला निकाल लागला. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर अकरा हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले! तो उमेदवारामुळं फिरला, की जातींच्या गणितानं, यावर कट्ट्यावर अजून कपबशा आदळतात. पुढं २०२४ ला ती जागा परत भाजपकडं गेली, तरी वाद मिटलेला नाही. मला मात्र दुसरंच खुपत होतं. मतदान जेमतेम निम्मं झालं होतं. माझ्या शास्त्रातल्या गल्ल्या जागच्या जागी होत्या. गल्ली मतदानाला येत नसते, माणूस येतो, एवढं एक कलम त्यात राहून गेलं होतं.

म्हटलं, आधी घरची यादी तपासू. नावं पाच. मुलगा न्यू जर्सीत. मुलगी लग्न होऊन नाशकात. आईला जाऊन तीन वर्षं झालेली. मतदान एक, ते हिचं. म्हणजे वीस टक्के! २०१९ च्या लोकसभेला गडचिरोलीत मतदान सत्तरच्या वर गेलं होतं. तिथं मतदानाची माणसं हेलिकॉप्टरनं न्यावी लागतात आणि बऱ्याच भागात दुपारी तीनलाच पेटी बंद होते. त्याच वेळी पुणं पन्नासावर अडकलेलं. आणि आमच्या घराच्या दारात तर बसचा थांबा आहे.

शहरातली माणसं आळशी, असं आपण सहज म्हणून टाकतो. पण वाडे पडले, बिऱ्हाडं कोथरूड-सिंहगड रस्त्याला गेली, पोरं समुद्रापार गेली. यादी तेवढी जुन्या दारात बसून राहिली. आमच्या पाचांतले तिघं असे, न येणारे नव्हे, नसलेलेच. खरा आळशी एकच. तो पेपर वाचत होता.

"तू कुणाला दिलंस गं?" मी हिला विचारलं.

"तुम्हाला गल्लीवरून कळतं ना? आपली गल्ली एकच आहे. ओळखा!"

चाळीस वर्षं एका घरात राहून मला ते आजतागायत ओळखता आलेलं नाही.

त्याच आठवड्यात हिनं दोन प्रकारचे फॉर्म आणले. आठ नंबरचा पत्ता बदलण्याचा, तो आम्ही दोघांनी भरला. सात नंबरचा नाव वगळण्याचा. आईचं नाव. आई सकाळी सातच्या ठोक्याला केंद्रावर हजर असायची, ठेवणीतलं लुगडं नेसून. परतल्यावर शाईचं बोट सबंध वाड्याला दाखवायची आणि बापयांना विचारायची, "अजून पारोसेच का रे?" हे नाव काढलं, की एकही मत जास्त न पडता घराची टक्केवारी वाढणार होती. पण आमच्याकडच्या एकुलत्या एका नेमाच्या मतदाराला वगळून टक्केवारी वाढवायची, याला हात धजेना. फॉर्म खणात गेला.

१३ मे २०२४. लोकसभा. सकाळी सातला मी कोथरूडच्या केंद्रावर रांगेत उभा होतो, अंघोळ करून. या यादीत आमच्या घरची नावं दोनच, दोघांचंही मतदान झालं. शंभर टक्के! गडचिरोली मागं पडली.

घरी आल्यावर खणातून सात नंबरचा फॉर्म काढला आणि भरला. डाव्या बोटाची शाई त्याला लागू नये, म्हणून कागद जरा जपूनच धरला होता.