मोत्या आणि जपमाळ

आमचा मोत्या पाच महिन्यांचा झाला आणि घरात एकही वहाण जोडीने राहीना. एके दिवशी त्याने आमच्या दिवंगत मातोश्रींची जपमाळ चावली. संतापाच्या भरात आम्ही त्यास काठीने मारले. पळवापळव थांबली नाहीच. उलट आम्हांस पाहताच तो वस्तूसह खाटेखाली दडून गुरगुरू लागला. चूक आमचीच. चौथ्या ते सातव्या महिन्यांत पिलाचे पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, चावणे त्यास भागच पडते. आता मिस्सानंतर त्यास शेतांतून भरपूर धावू देतो, चघळावयास गाठी मारलेला सुती दोर देतो. काही पळविलेच, तर पाठलाग न करता भाकरीचा तुकडा पुढे करतो. तोंडचे आपोआप सुटते. जपमाळ खुंटीवर असते. ती घेण्यास आम्ही हात उंचावला की मोत्या अजूनही अंग चोरतो.