दोन केबलींची सोबत

रात्री अकराला तो रॅकच्या मागे उकिडवा बसतो. सर्व्हरच्या दोन पोर्टांतून निघालेल्या दोन केबलींपैकी निळी वरच्या स्विचला जाते, पिवळी खालच्या. लॅपटॉपवर पिंग चालू आहे. पंधरा वर्षं हेच काम करतोय, तरी केबल काढण्याआधी तो दोन्ही लेबलं मोठ्याने वाचतो.

दोन नेटवर्क कार्डं अशी जोडायची, की सिस्टीमला ती एकच वाटावीत, हे बाँडिंग. ते गरजेपोटी जन्मलं. १९९४ साली नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी साधे पीसी जोडून बेवुल्फ क्लस्टर उभा केला. त्या प्रोसेसरांपुढे १० मेगाबिटचं इथरनेट अपुरं पडू लागलं आणि वेगवान स्विच परवडणारे नव्हते. बेकर यांनी ड्रायव्हर नव्याने लिहून दोन इथरनेट एकत्र राबवली. पुढे २००० साली ८०२.३एडी हे मानक आलं आणि वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं बाँडिंगसाठी एकमेकांशी बोलू लागली.

“म्हणजे दोन गिगाबिट मिळणार ना, सर?” हाताखालची नवी मुलं हमखास विचारतात.

८०२.३एडीत एका जोडणीची पॅकेटं मागेपुढे पोहोचू नयेत म्हणून ती एकाच केबलने पाठवली जातात, हे तो कागदावर काढून दाखवतो. एकच मोठी फाइल कॉपी केली, तर वेग एका गिगाबिटचाच. पन्नास जण एकदम आले, की भार वाटला जातो. तोही आपोआप नीट वाटला जाईल असं नाही. या मानकात लिनक्स मुळात मॅक ॲड्रेसवरून केबल ठरवतं. सगळे जण राउटरपलीकडून येत असतील, तर सर्व्हरला समोर राउटरचाच मॅक दिसतो. मग एक केबल तुंबते, दुसरी रिकामी पडून राहते. तिथे आयपी आणि पोर्ट हिशेबात घ्यायला सांगावं लागतं.

त्याला खरा धडा मिळाला एका ग्राहकाकडे. स्विचचा पॉवर सप्लाय गेला आणि बाँड असूनही सर्व्हर दिसेनासा झाला. दुसरी केबल कित्येक महिन्यांपूर्वीच निकामी झाली होती. पहिलीने सगळं निभावून नेलं, म्हणून कुणाला पत्ताच लागला नाही. ड्रायव्हरने ‘डाऊन’ अशी नोंद केलेली होती, पण ती बघणारं कुणी नव्हतं. तेव्हापासून तो प्रत्येक केबलसाठी वेगळा अलर्ट लावतो. स्विचच्या पुढची अपलिंक तुटली, तरी पोर्टचा दिवा हिरवाच राहतो, म्हणून गरज असेल तिथे पलीकडून उत्तर येतं का हे बघणारी एआरपीची तपासणीही लावतो.

आज दर १०० मिलिसेकंदांनी लिंक तपासली जातेय. तो निळ्या केबलची खिट्टी दाबतो आणि ती ओढतो. दिवा विझतो. पिंगची एक ओळ चुकते, पुढची येते. निळी परत बसवून तो दिवा लागायची वाट बघतो, मग पिवळी ओढतो. ओळी येत राहतात.

खिशातलं मार्कर काढून तो दोन्ही लेबलांवर आजची तारीख लिहितो.